जड गोळी की वेगवान गोळी?

अमेरिकेतील गुराख्यांचे, म्हणजे ‘काउबॉय’ लोकांचे चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. नायकाच्या हातातील बंदुकीला चापाभोवती एक मोठी कडी असते. गोळी झाडली की तो ती कडी झटक्याने खाली ढकलतो, पुन्हा वर ओढतो आणि बंदूक दुसऱ्या गोळीसाठी तयार होते. ही कडी म्हणजे आपण शाळेत शिकलेली तरफच होय. म्हणून या रायफलीला ‘लिव्हर-अ‍ॅक्शन’ रायफल म्हणतात. आपण तिला तरफेची रायफल म्हणू.

ही रायफल केवळ चित्रपटात उरलेली नाही. अमेरिकेत ती आजही तयार होते. तेथे ठरावीक हंगामात, सरकारी परवाना घेऊन शिकार करता येते. दाट जंगलात हरीण, काळे अस्वल किंवा मूस नावाचे प्रचंड सांबर यांच्या शिकारीसाठी पुष्कळ लोक हीच रायफल वापरतात. अशी रायफल घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो काडतुसाचा. दुकानात अनेक काडतुसे मांडलेली असतात. कशात गोळी जाड आणि जड, कशात बारीक आणि वेगवान. त्यांचे वेगाचे आणि ऊर्जेचे आकडे छापलेले असतात. ज्याचा आकडा मोठा ते काडतूस चांगले, असे कोणालाही वाटेल. पण येथेच चूक होते, आणि त्या चुकीची किंमत शिकाऱ्याला नव्हे, तर जनावराला मोजावी लागते. जागच्या जागी न मरता ते जखमी होऊन जंगलात पळते आणि तडफडत मरते.

हा प्रश्न समजून घ्यायला नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. संवेग, गतिज ऊर्जा, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध हे सारे धडे या एका प्रश्नात एकत्र येतात. तर मग हिशेबाला बसू या.

तरफ आणि नळी

प्रथम रायफलीची रचना पाहू. गावातील हापशाचा दांडा आठवा. टेकूच्या एका बाजूला लांब भुजा, दुसऱ्या बाजूला आखूड. लांब भुजेवर थोडे बल लावले की आखूड भुजेवर मोठे बल मिळते. या रायफलीच्या बहुतेक नमुन्यांत हेच तत्त्व आहे. हातातील कडी ही लांब भुजा आणि रायफलीच्या पोटातील तिचे टोक ही आखूड भुजा. हे टोक नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या मागेपुढे सरकवते. गोळी सुटताना काडतुसाची पितळी पुंगळी दाबाने फुगते आणि नळीत घट्ट बसते. ती ओढून काढण्यासाठी लागणारे जादा बल तरफ मिळवून देते.

कडी खाली ढकलली की दट्ट्या मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा ताणला जातो आणि नवे काडतूस उचलले जाते. कडी वर ओढली की ते काडतूस नळीत शिरते आणि तोंड पक्के बंद होते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक वेळी दारू भरा, गोळी घाला आणि गजाने ठासा, असा खटाटोप असे. तो संपला. १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्री या अमेरिकन कारागिराने अशा यशस्वी रायफलीचे पेटंट घेतले. पुढे विंचेस्टर आणि मार्लिन या कंपन्यांनी तिचे अनेक नमुने काढले.

आता महत्त्वाची गोष्ट. ही जादा काडतुसे कोठे ठेवलेली असतात? बहुतेक नमुन्यांत रायफलीच्या नळीखाली दुसरी एक नळी असते. तिच्यात काडतुसे एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांप्रमाणे उभी असतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते. आणि बुडाच्या मध्यभागी काय असते? ज्यावर आघात झाला की दारू पेटते, ती स्फोटक टोपी! गोळी टोकदार असेल आणि झाडताना बसणाऱ्या धक्क्याने ते टोक टोपीवर आपटले, तर काडतूस नळीतच फुटायचे. म्हणून या रायफलीच्या गोळ्यांची नाके चपटी किंवा बोथट ठेवावी लागतात.

बोथट नाक म्हणजे हवेचा विरोध अधिक. होडीचा पुढचा भाग निमुळता का असतो आणि धान्याचे पिंप पाण्यातून ओढणे जड का जाते, हे तुम्ही जाणताच. अशा रीतीने काडतुसे ठेवण्याच्या एका सोयीने गोळीचा आकार ठरवला आणि त्या आकाराने तिचा पल्ला ठरवला. यंत्रात एक सोय मिळवली की दुसरीकडे किंमत द्यावी लागते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

नावातले आकडे आणि आपला तोळा

काडतुसांची नावे प्रथम गूढ वाटतात. ‘४५-७०’ हे नाव घ्या. हे काडतूस अमेरिकेच्या लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारले. त्यातील ४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, हा गोळीचा ढोबळ व्यास. ७० म्हणजे त्यात भरलेल्या काळ्या दारूचे वजन, ७० ग्रेन.

हा ग्रेन आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपला तोळा इंग्रजी अमदानीत १८० ग्रेनचा ठरवला होता. सोनाराकडची गुंज साधारण दोन ग्रेनची भरते. ४५-७० ची जुनी गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळ्यांची! बोटाएवढ्या जाडीचा सव्वादोन तोळे शिशाचा तुकडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या काडतुसाला ‘मोठ्या बोअरचे’ का म्हणतात ते कळेल.

एवढी जड गोळी का लागे? त्या काळी गंधक, सोरा आणि कोळसा यांची काळी दारूच काय ती उपलब्ध होती. ती जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात राही. त्याचा धूर होई आणि नळीत काजळी साचे. अशा दारूने गोळीचा वेग सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटरच्या पुढे नेणे कठीण होते. वेग वाढवता येत नाही, तेव्हा मार्ग एकच राहिला, तो म्हणजे गोळीचे वजन वाढवणे.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि चित्र पालटले. थोड्या दारूत पुष्कळ वायू आणि मोठा दाब मिळू लागला. ही दारू वापरणारे ‘३०-३०’ हे काडतूस विंचेस्टर कंपनीने १८९५ मध्ये आणले. त्याची गोळी फक्त ७.८ मिलिमीटर व्यासाची आणि १७० ग्रेनची, म्हणजे तोळ्याला थोडी कमी. पण तिचा वेग सेकंदाला ६७० मीटर! उत्तर अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत हरणांच्या शिकारीसाठी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या काडतुसांत त्याची गणना होते.

पैलवान आणि धावपटू

म्हणजे एका बाजूला जड आणि संथ गोळी, दुसऱ्या बाजूला हलकी आणि वेगवान. एक पैलवान, एक धावपटू. दोघांत बलवान कोण?

वजन किलोग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन गतिज ऊर्जा काढू. सूत्र तुम्हांला पाठ आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन.

४५-७०: वस्तुमान ०.०२६२, वेग ४०५. ऊर्जा सुमारे २१५० ज्यूल.
३०-३०: वस्तुमान ०.०११०, वेग ६७०. ऊर्जा सुमारे २४७० ज्यूल.

धावपटू जिंकला! आता संवेग काढू, म्हणजे नुसता वस्तुमान गुणिले वेग.

४५-७०: संवेग १०.६.
३०-३०: संवेग ७.४.

आता पैलवान जिंकला, आणि तोही दीडपटीच्या आसपास! या दोन आकड्यांवरून शिकारी लोकांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. एक पक्ष ऊर्जेचा, दुसरा संवेगाचा. खरे पाहता दोघेही अर्धेच बोलतात. ऊर्जा ही गोळी किती काम करू शकेल ते सांगते. संवेग हा तिला थांबवायला किती बल किती वेळ लावावे लागेल ते सांगतो. पण जनावर ताबडतोब मरते ते हृदय किंवा फुप्फुसे भेदली गेली तर. त्यासाठी गोळी नेमक्या जागी लागली पाहिजे, तेथवर खोल शिरली पाहिजे आणि पुरेसे मोठे छिद्र पडले पाहिजे. यांपैकी पहिली अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती काडतुसाच्या डब्यावर कोठेच छापलेली नसते.

खोल शिरण्याचा विचार करताना आणखी एक आकडा उपयोगी पडतो. गोळीच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम वजन आहे ते पाहायचे. मोठ्या खिळ्याचे टोक लाकडात शिरते, पण तेवढ्याच वजनाचे नाणे शिरत नाही, ते याच कारणाने. ४५-७० च्या गोळीत हा आकडा सुमारे २५ ग्रॅम येतो, तर ३०-३० मध्ये २३. म्हणजे दोन्ही गोळ्या या बाबतीत जवळजवळ सारख्या. मात्र बारीक गोळीचे मऊ नाक आत शिरल्यावर छत्रीसारखे फुलावे लागते, तेव्हा मोठे छिद्र पडते. जाड गोळी मुळातच तेवढी रुंद असते. तिला फुलण्यावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

दोनशे वारांवरची गंमत

आता तिसरा खेळाडू मैदानात आणू. १९६४ मध्ये मार्लिन कंपनीच्या तरफेच्या रायफलीसाठी ‘४४४ मार्लिन’ हे काडतूस निघाले. व्यास सुमारे ११ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या बोअरचेच. पण गोळी २४० ग्रेनची, हलकी आणि आखूड. वेग मात्र सेकंदाला तब्बल ७१६ मीटर. तिची ऊर्जा काढून पाहा. ती सुमारे ४००० ज्यूल येईल. म्हणजे ४५-७० च्या जवळजवळ दुप्पट! दुकानात हा आकडा पाहून कोणीही भुलेल.

पण शिकार नळीच्या तोंडाशी होत नाही. तेथून २०० वार, म्हणजे १८३ मीटर दूर जाऊन हीच ऊर्जा मोजली तर काय दिसते? काडतुसांच्या कोष्टकांतून मिळणारे हे आकडे पाहा.

४४४ मार्लिन: सुरुवातीला ३९९० ज्यूल, २०० वारांवर १३७० ज्यूल.
३०-३०: सुरुवातीला २४८० ज्यूल, २०० वारांवर १३४० ज्यूल.
४५-७०: सुरुवातीला २१६० ज्यूल, २०० वारांवर १३६० ज्यूल.

तिन्ही गोळ्या एकाच जागी येऊन पोचल्या! सुरुवातीला दुप्पट असलेली ऊर्जा गेली कोठे? ती हवेने खाल्ली. ४४४ च्या गोळीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे वजन फक्त १७ ग्रॅम. तोंड रुंद, नाक बोथट आणि पाठीमागे भार कमी. त्यातच वेग मोठा, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, ओलांडू लागला की विरोध आणखी झपाट्याने चढतो. ३०-३० ची गोळीही वेगवान, पण तिचे तोंड लहान. ४५-७० ची गोळी मुळातच ध्वनीपेक्षा फार वेगाने जात नाही, म्हणून ती गमावतेही थोडेच. भर पावसात धावत जाणारा अधिक दमतो आणि सावकाश चालणारा कमी, त्यातलाच हा प्रकार.

यावरून पहिला धडा मिळतो: मोजायचे ते गोळी निघते तेथे नव्हे, तर ती पोचते तेथे.

अंतराचा अंदाज चुकला तर

ऊर्जा सारखी झाली, म्हणून तिन्ही काडतुसे सारखी झाली का? नाही. कारण वाटेत गुरुत्वाकर्षण गप्प बसलेले नसते. गोळी नळीतून सुटली की त्याच क्षणापासून ती खाली पडू लागते. हातातून सोडलेला दगड जेवढ्या वेगाने पडतो, तेवढ्याच वेगाने.

हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवू. ४५-७० ची गोळी १०० मीटर जायला सुमारे पाव सेकंद घेते. तेवढ्यात ती ३० सेंटिमीटर खाली येते. २०० मीटर जाईपर्यंत दुप्पट वेळ लागतो, पण घसरण चौपट होते, म्हणजे १२० सेंटिमीटर. ३०-३० ची गोळी १०० मीटरला ११ आणि २०० मीटरला ४४ सेंटिमीटर पडते. हवेचा विरोध धरला तर हे सर्व आकडे आणखी वाढतात.

घसरण माहीत असेल तर तेवढे वर नेम धरता येतो. मग बिघडते कोठे? अंतराच्या अंदाजात. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, झाडीतून पाहताना, २०० मीटरवरचे हरीण शिकाऱ्याला १५० मीटरवर वाटले, असे समजा. त्याने १५० मीटरच्या हिशेबाने नेम धरला. भूमितीने हिशेब केला तर ४५-७० ची गोळी ठरल्या जागेपेक्षा ३० सेंटिमीटर खाली लागते, तर ३०-३० ची ११ सेंटिमीटर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या मध्यावर नेम धरला असेल, तर ११ सेंटिमीटरची चूक जेमतेम पोटात घातली जाते. ३० सेंटिमीटरची चूक म्हणजे मोडलेला पाय, आणि रक्त सांडत पळणारे जनावर.

म्हणून जाड आणि संथ गोळी वापरणारे जाणते शिकारी अंतराची मर्यादा स्वतःवर घालून घेतात. शंभर-सव्वाशे मीटरच्या आत ही गोळी उत्तम काम देते. दाट जंगलात त्यापलीकडचे दिसतही नाही. मोकळ्या माळरानावर मात्र ती कामाची नाही.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जड गोळी झुडपांच्या फांद्या तोडत सरळ जाते, अशी समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र असे दिसून आले आहे, की फांदीला लागून वळत नाही अशी एकही गोळी नाही. जंगलातील शिकारीला जड गोळी सोयीची, ती तेथील अंतरे लहान म्हणून. झुडपांतून वाट काढते म्हणून नव्हे.

टोकदार गोळीची अडचण अलीकडे काही अंशी सुटली आहे. २००६ च्या सुमारास अमेरिकेतील हॉर्नेडी कंपनीने रबरासारख्या लवचीक टोकाच्या गोळ्या बाजारात आणल्या. टोक मऊ असल्याने पुढच्या टोपीला धोका नाही, आणि आकार निमुळता असल्याने हवेचा विरोध कमी. गुरुत्वाकर्षण मात्र त्यांनाही चुकलेले नाही.

खांद्याचे गणित

आतापर्यंत आपण गोळीच्या पुढे पाहिले. आता मागे पाहू. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीला मागे मिळतो. दारूच्या वायूचाही त्यात वाटा असतो, पण सोपेपणासाठी तो सोडून देऊ. रायफल ३.२ किलोग्रॅमची धरा.

३०-३० मध्ये ७.४ भागिले ३.२, म्हणजे रायफल सेकंदाला २.३ मीटर वेगाने मागे येते. तिची ऊर्जा सुमारे ८.५ ज्यूल.
४५-७० मध्ये हा वेग ३.३ मीटर आणि ऊर्जा सुमारे १७.५ ज्यूल.

पाहिलेत ना? दोन्ही गोळ्यांची ऊर्जा जवळजवळ सारखी, पण खांद्यावरचा तडाखा दुप्पट! कारण रायफलीचा वेग गोळीच्या संवेगावर ठरतो, ऊर्जेवर नाही.

आता ‘४५० मार्लिन’ या २००० साली आलेल्या काडतुसाचा हिशेब करा. गोळी ३५० ग्रेनची, वेग सेकंदाला ६४० मीटर. संवेग १४.५, म्हणजे जुन्या ४५-७० च्या १.४ पट. पण रायफलीची मागे येणारी ऊर्जा निघते ३३ ज्यूलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. संवेग जरा वाढला की तडाखा त्याच्या वर्गाने वाढतो.

हा तडाखा केवळ दुखण्याचा प्रश्न नाही. दोन-चार वेळा खांदा शेकला की माणूस चाप ओढण्यापूर्वीच नकळत दचकतो, डोळे मिटतो, हात आवळतो. नळी किंचित हलते आणि शंभर मीटरवर नेम वीतभर चुकतो. म्हणजे जास्त ताकदीसाठी घेतलेल्या काडतुसाने पहिलीच अट मोडली! स्वतःला न पेलणाऱ्या मोठ्या काडतुसापेक्षा पेलणारे लहान काडतूस जनावराला अधिक दयाळू ठरते.

काडतूस बसते, पण चालते का?

निवडीचा आणखी एक भाग आहे, आणि त्यात शिकाऱ्याच्याच जिवाचा प्रश्न आहे. १८७३ च्या लष्करी रायफलीचे मागचे तोंड एखाद्या झाकणासारखे उघडत असे. काळ्या दारूचा दाब सोसण्यापुरतीच तिची ताकद होती. १८८६ मध्ये जॉन ब्राउनिंग या प्रतिभावान यंत्ररचनाकाराने विंचेस्टर कंपनीसाठी नवी रायफल तयार केली. तिच्या दट्ट्याला दोन उभे पोलादी अडसर होते. तेच ४५-७० काडतूस त्यात सुखाने चाले. पुढे पोलाद सुधारले आणि आजच्या रायफली त्याहून पुष्कळ मजबूत झाल्या.

परिणाम असा झाला, की एकच काडतूस तीन वेगवेगळ्या ताकदींच्या रायफलींत बसते. आजच्या मजबूत रायफलीसाठी भरलेले जोरदार ४५-७० काडतूस दीडशे वर्षांपूर्वीच्या जुन्या रायफलीतही अगदी नीट शिरते. पण ते झाडले तर रायफलच फुटायची! ४५-७० साठी मान्य केलेला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १९०० पट आहे, तर ४५० मार्लिनचा जवळजवळ ३००० पट.

यावर उपाय काय? आपल्या घरातील विजेची जोडणी आठवा. १५ अँपियरचा जाड पिनांचा प्लग ५ अँपियरच्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. चूक करायची म्हटले तरी करता येत नाही. ४५० मार्लिन काडतूस नेमके याच विचाराने घडवले आहे. त्याच्या बुडाजवळ एक रुंद पितळी पट्टा ठेवला आहे. त्यामुळे ते जुन्या ४५-७० च्या रायफलीत शिरू शकत नाही. कागदावर छापलेली सूचना माणूस विसरतो, पण धातूचा आकार विसरत नाही. चांगल्या यंत्ररचनेचे हे लक्षण प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग निवड कशी?

आता दुकानातील त्या शिकाऱ्याकडे परत जाऊ. त्याने विचारायचे प्रश्न असे: जनावर कोणते? किती अंतरावरून? रायफल किती दाब सोसते? आणि आपला खांदा किती सोसतो? मध्यम हरीण, अंतर दीडशे मीटरपर्यंत आणि शिकारी नवखा असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचे ३०-३० पुरेसे. मूससारखे मोठे जनावर किंवा अलास्कातील अस्वलापासून संरक्षण हवे असेल आणि अंतर थोडे असेल, तर मोठ्या बोअरची जड गोळी हवी. तिथे खोल शिरणे महत्त्वाचे, आणि घसरणीची फारशी काळजी नाही. अंतर तीनशे मीटरचे असेल, तर जुन्या घडणीची तरफेची रायफलच योग्य नव्हे. एका आकड्यावरून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न उद्भवत नाही आणि तो उद्भवू नये, हेच योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने येथे शिकारीला बंदी आहे. अमेरिकेनेही याबाबतीत मोठी किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील गवताळ प्रदेशात गव्यासारखे बायसन काही कोटींच्या संख्येने चरत होते. मोठ्या बोअरच्या रायफली, रेल्वे आणि कातड्यांचा व्यापार एकत्र आला, आणि १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास बायसन उरले. त्यानंतर जाग आली. हंगाम, परवाने आणि संख्येच्या मर्यादा ठरल्या. १९३७ च्या कायद्याने शिकारी शस्त्रे व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी राखून ठेवला गेला. गोळी किती खोल जाईल हे विज्ञान सांगू शकते. ती झाडावी की नाही हे माणसालाच ठरवावे लागते.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर विंचेस्टर कंपनीची १८९५ च्या नमुन्याची तरफेची रायफल होती. तिची गोळी ३०० ग्रेनची आणि वेग सेकंदाला ६७० मीटर. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ही गोळी किती तोळ्यांची? तिची ऊर्जा आणि संवेग किती? या रायफलीत काडतुसे नळीत एकामागे एक न राहता पेटीत एकावर एक राहत. मग तिच्यात टोकदार गोळी चालली असती का, आणि का?

(उत्तरे: एक तोळा आणि दोन-तृतीयांश, सुमारे ४३५० ज्यूल, सुमारे १३. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शिक्षकांना समजावून सांगा.)